सार्वजनिक वाचनालयांच्या अनुदानातून कर्मचाऱ्यांचे वेतन वेगळे काढावे का?

माणदेशी (धागाकर्ता)

नमस्कार. मी आमच्या गावातील एका 'क' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. जिल्हा ग्रंथालय संघाच्या आगामी अधिवेशनात एक ठराव मांडण्याचा माझा विचार आहे. तो कागदावर उतरवण्यापूर्वी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची मते समजून घ्यावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांचा या व्यवस्थेशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नाहीत. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्था ती चालवतात. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि कार्यकारी मंडळाचे सदस्य यांपैकी कोणीही मानधन घेत नाही. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि 1970 चे मान्यतेचे नियम यांनुसार ग्रंथालय संचालनालय अशा संस्थांना मान्यता देते, त्यांचा अ, ब, क किंवा ड असा वर्ग ठरवते आणि दरवर्षी परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्याच्या खर्चासाठीची रक्कम, देते. अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये राज्यात अकरा हजारांच्या वर आहेत.

2022 मध्ये या अनुदानात 60 टक्के वाढ झाली. जिल्हा 'अ' वर्गाचे 7,20,000 रुपयांवरून 11,52,000, इतर (म्हणजे जिल्हा व तालुका ग्रंथालये वगळून उरलेल्या) 'क' वर्गाचे 96,000 वरून 1,53,600 आणि 'ड' वर्गाचे 30,000 वरून 48,000 रुपये झाले. त्यापूर्वीची वाढ 2012 मधली होती, म्हणजे मधली दहा वर्षे आम्ही त्याच रकमेत काढली. वाढ मिळाली याचा आनंद आहे आणि त्यासाठी ज्यांनी पाठपुरावा केला त्यांचे ऋण मानले पाहिजेत. तथापि माझा मुद्दा रकमेपेक्षा तिच्या रचनेचा आहे.

अनुदानाचा निम्मा भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि निम्मा भाग वेतनेतर बाबींवर, म्हणजे ग्रंथ, नियतकालिके, वीज, भाडे, बांधणी, लेखापरीक्षण यांवर खर्च करावयाचा असतो. 'क' वर्गात वेतनाच्या वाट्याला वर्षाला 76,800 रुपये येतात. महिन्याचे झाले 6,400. त्यात ग्रंथपाल आणि शिपाई असे दोघांचे भागवायचे. 'ड' वर्गात एकच माणूस असतो आणि त्याच्या वाट्याला महिना 2,000 रुपये येतात. ही 2022 च्या वाढीनंतरची स्थिती आहे.

ही तूट भरून काढण्याचे काम कार्यकारी मंडळावर पडते आणि मंडळाची सगळी शक्ती त्यातच जाते. आमच्या बैठकांत गेल्या कित्येक वर्षांत कोणती पुस्तके घ्यावीत यावर सलग अर्धा तास चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. चर्चा होते ती दिवाळीपूर्वी पगार कसा द्यायचा याची. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की वेतन हे अर्थसंकल्पातील स्वतंत्र शीर्षाखाली शासनाने थेट कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा करावे आणि परिरक्षण अनुदान पूर्णपणे वेतनेतर कामासाठी संस्थेकडे राहावे. आपल्याला काय वाटते?

निर्गम_खिडकी

माणदेशी सर, आपण विषय काढलात हे फार चांगले केलेत. मी चौदा-पंधरा वर्षे एका ग्रामीण वाचनालयात ग्रंथपाल आहे. जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणारा प्रशिक्षण वर्ग पूर्ण करून प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झाले आणि तेव्हापासून त्याच टेबलाशी आहे.

आपण तुटीबद्दल लिहिले आहे. ती तूट प्रत्यक्षात कोण भरते, ते मी सांगते. नियमानुसार शासन मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान देते आणि उरलेले 10 टक्के संस्थेने स्वतः उभे करायचे असतात. ज्या गावात वर्गणीदार साठ-सत्तर आहेत आणि वर्गणी महिना वीस रुपये आहे, तिथे हे 10 टक्के कुठून येतात? माझ्या आधीच्या एका संस्थेत अनुदानाचा हप्ता जमा झाला की मला पगाराचा धनादेश मिळत असे, मी पगारपत्रकावर पूर्ण रकमेची सही करत असे आणि त्याच आठवड्यात माझ्या नावाने एक देणगी पावती फाडली जात असे. पावती-पुस्तकात ती पाने एकापाठोपाठ आहेत: ग्रंथपालाची देणगी, शिपायाची देणगी. लेखापरीक्षणात सगळे बरोबर जुळते. कोणी जबरदस्ती केली असे मी म्हणणार नाही, कारण अध्यक्ष स्वतःही खिशातून भर घालत होते आणि सर्वांना वाचनालय टिकवायचेच होते. परंतु ज्याला आपण लोकसहभाग म्हणतो त्यातला एक भाग सर्वांत कमी पगार असलेल्या माणसाच्या पगारातून येतो, ही वस्तुस्थिती ठरावात स्पष्ट यावी अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट आहे. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते. आमच्याकडे पहिला हप्ता बहुधा पावसाळा सरल्यावर आणि दुसरा मार्चअखेरीस येतो. मधल्या महिन्यांत पगार नसतो, वाचनालय मात्र रोज सकाळी आणि संध्याकाळी उघडावेच लागते.

जुना_तपासनीस

मी ग्रंथालय खात्यात जिल्हा पातळीवर बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. ताईंनी लिहिलेली पद्धत आम्हा तपासणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे मी म्हटले तर ते खरे ठरणार नाही. कागद पूर्ण असला की त्यापलीकडे जाण्याचा अधिकार आणि वेळ दोन्ही आमच्याकडे नसे. एका जिल्ह्यात कित्येक शे ग्रंथालये आणि कार्यालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कर्मचारी, अशी परिस्थिती असते.

तरीही दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. 10 टक्क्यांची अट कोणी त्रास देण्यासाठी घातलेली नाही. संस्था लोकांची आहे, तिच्यामागे गाव उभे आहे, याचा काहीतरी पुरावा असावा, हा तिचा हेतू होता. 2012 च्या मे महिन्यात महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील सर्व ग्रंथालयांची एकाच वेळी पडताळणी झाली, ती का करावी लागली हे विसरून चालणार नाही. काही ठिकाणी फलक होता आणि खोली नव्हती, काही ठिकाणी खोली होती आणि दाखल नोंदवहीत (आलेले प्रत्येक पुस्तक ज्या वहीत नोंदतात तीत) असलेली पुस्तके कपाटात नव्हती. मी स्वतः अशी दाखल नोंदवही पाहिली आहे, जिच्यात सलग शेकडो नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आणि एकाच दिवसाच्या तारखेने केलेल्या होत्या. खऱ्या वाचनालयाची नोंदवही अशी नसते. तीत अक्षर बदलते, शाई बदलते, मध्येच भेट आलेल्या पुस्तकांची नोंद येते, बाद केलेल्या पुस्तकांपुढे शेरा असतो, समितीच्या ठरावाचा क्रमांक असतो.

शासनाने उद्या वेतन थेट खात्यात दिले, तर खोटी ग्रंथालये ही खोट्या नोकऱ्यांची ठिकाणे होण्याचा धोका आहे. आज निदान रक्कम इतकी अल्प आहे की तिच्यासाठी कोणी मोठा व्यवहार करत नाही. वेतन वाढले की नेमणुकीला भाव येईल आणि तो भाव कोण घेईल, हे या धाग्यावरील प्रत्येकाला कळते. खासगी अनुदानित शाळांच्या बाबतीत काय घडले ते आपण पाहिलेच आहे. माझा प्रस्तावाला विरोध नाही, मात्र नेमणुकीची पद्धत आधी ठरल्याशिवाय ही मागणी पुढे नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाण्याचा_वाचक

माझे मत वर आलेल्या मतांपेक्षा वेगळे आहे आणि मी ते पूर्ण आदराने मांडतो. मुळात शासनाकडे पाहायचेच कशासाठी? रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. त्या काळी ना ग्रंथालय कायदा होता, ना अ-ब-क-ड वर्ग. लोकांनी वर्गणी काढली, कोणी जागा दिली, कोणी आपला संग्रह दिला आणि संस्था उभ्या राहिल्या. अनुदान सुरू झाले आणि संस्थाचालकांचे लक्ष वाचकांकडून कार्यालयाकडे वळले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. वर्गणी वीस रुपयांवर का अडली आहे? ज्या गावात मोबाइलच्या रिचार्जवर महिना दोनशे-तीनशे रुपये खर्च होतात, तिथे वाचनालयासाठी पन्नास रुपये देणारी शंभर घरे मिळणार नाहीत का? शिवाय आता कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे.

माणदेशी

सर, आपण ज्या संस्थांची नावे घेतलीत त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु त्या शहरांत, त्यातही बहुतेक जिल्ह्याच्या किंवा संस्थानच्या मुख्य ठिकाणी उभ्या राहिल्या. वकील, शिक्षक, सरकारी नोकर, व्यापारी असा वर्गणी देऊ शकणारा वर्ग तिथे होता. दुष्काळी पट्ट्यातील तीन-चार हजार वस्तीच्या गावात तो वर्ग नाही. अशा गावात वाचनालय निघाले ते 1967 च्या कायद्यामुळे आणि त्यानंतरच्या अनुदानामुळेच. शिवाय कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता, म्हणजे वर्गणीवर सर्वत्र वाचनालय चालू शकत नाही ही जाणीव त्या काळातही होती.

वर्गणीबद्दल सांगायचे तर आम्ही ती पन्नास रुपये केली होती. सहा महिन्यांत सभासद जवळपास निम्म्यावर आले आणि जे गेले त्यांत प्रामुख्याने शाळकरी मुले आणि स्त्रिया होत्या. घरात पैशाचा निर्णय ज्यांच्या हाती नाही, तेच आमचे सर्वांत नियमित वाचक आहेत. आम्ही वर्गणी पुन्हा खाली आणली. सामाजिक दायित्व निधीविषयी इतकेच सांगतो की कंपनी कपाटे देते, संगणक देते, छायाचित्र काढते. पगार द्यायला कोणी तयार होत नाही, कारण तो दरवर्षी द्यावा लागतो. आमच्याकडे देणगी म्हणून मिळालेले दोन संगणक आहेत आणि विजेचे बिल भरण्याची चिंता आहे.

एर्नाकुळमकर

नोकरीनिमित्त गेली अनेक वर्षे केरळमध्ये राहतो आणि घराजवळच्या वाचनालयाचा सभासद आहे. इथली व्यवस्था आपल्याशी ताडून पाहण्यासारखी आहे, कारण इथेही ग्रंथालये सरकारी नसून गावकऱ्यांच्या संस्थाच ती चालवतात. पी. एन. पणिक्कर यांनी 1945 मध्ये त्रावणकोरमधील ग्रंथालयांचा संघ उभा केला आणि त्यातून ही चळवळ वाढली. 1989 च्या कायद्याने राज्य ग्रंथालय परिषद अस्तित्वात आली. संलग्न ग्रंथालयांचे प्रतिनिधी तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तीन पातळ्यांवर निवडून जातात, आणि अनुदान याच निवडून आलेल्या परिषदेमार्फत वाटले जाते. इथेही ग्रंथालयांची प्रतवारी होते आणि अनुदान प्रतवारीनुसार मिळते.

मोठा फरक पैशाच्या उगमाचा आहे. इथे इमारत कराबरोबर 5 टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. गावातल्या माणसाच्या करपावतीवर ग्रंथालयाचे नाव असते, त्यामुळे तो वाचनालयात येऊन जाब विचारू शकतो. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकराची तरतूद नाही. राज्य शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत एवढेच त्यात म्हटले आहे. 1967 मध्ये तो आकडा मोठा असेल, आज त्याला अर्थ उरलेला नाही. अर्थात प्रत्यक्ष तरतूद त्याहून पुष्कळ अधिक होते, परंतु ती अर्थसंकल्पातील मर्जीवर राहते, कायद्याने बांधलेली नाही.

इथले सगळे उत्तम आहे असा माझा दावा नाही. इथल्या ग्रंथपालाला मिळतो तोही भत्ताच, पगार नव्हे. उपकर गोळा करणाऱ्या स्थानिक संस्थांनी तो वेळेवर पुढे भरावा लागतो आणि कर्नाटकात बंगळुरू महापालिकेकडील ग्रंथालय उपकराच्या थकबाकीच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. तरीही निधीचा एक निश्चित झरा असणे आणि वाटपात ग्रंथालयांचा स्वतःचा आवाज असणे, या दोन गोष्टींचा ठरावात विचार व्हावा.

हिशेबनीस

मी सनदी लेखापाल आहे आणि माझ्याकडे लेखापरीक्षणासाठी येणाऱ्या संस्थांत बऱ्याच वाचनालयांचा समावेश आहे. चर्चेत आकडे यावेत म्हणून ढोबळ हिशेब मांडतो. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांत मिळून सुमारे वीस हजार कर्मचारी आहेत. प्रत्येकाला महिना सरासरी 10,000 रुपये धरले, तर महिन्याला 20 कोटी आणि वर्षाला 240 कोटी रुपये लागतील. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम मोठी नाही, परंतु वित्त विभाग ती वेगळ्या नजरेने पाहतो. एकदा वेतन स्वतंत्र शीर्षाखाली गेले की महागाई भत्ता, निवृत्तिवेतन आणि सेवाशाश्वती यांच्या मागण्या पाठोपाठ येतात, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. शासनाने नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी वेतनश्रेणीची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही याचे मुख्य कारण हेच असावे, असा माझा तर्क आहे. म्हणून 'वेतनश्रेणी' मागण्याऐवजी 'किमान वेतनाइतके निश्चित मानधन, थेट खात्यात, दरमहा' अशी मागणी केल्यास ती मान्य होण्याची शक्यता अधिक वाटते.

90 टक्क्यांच्या नियमाचा परिणामही समजून घ्यावा. 'ड' वर्गाला पूर्ण 48,000 रुपये हवे असतील, तर मान्य खर्च किमान 53,333 रुपये दाखवावा लागतो. खर्च त्याहून कमी झाला की अनुदानही कमी होते. म्हणजे जी समिती काटकसर करते, वर्तमानपत्रे भेट म्हणून मिळवते, जागा विनाभाडे मिळवते आणि बांधणीचे काम सदस्यांकडून विनामूल्य करून घेते, तिचा मान्य खर्च घटतो आणि तिला कमी अनुदान मिळते. स्वयंसेवकांनी दिलेल्या श्रमाची या हिशेबात किंमत शून्य आहे. खरे तर तो खर्च वाचवलेला असतो, म्हणजे तो संस्थेचा वाटाच आहे. ताईंनी सांगितलेल्या देणगी पावत्यांचे मूळ मला इथे दिसते: प्रत्यक्ष श्रम देणाऱ्या संस्थेलाही रोख वाटा दाखवावा लागतो, आणि रोख पैसा कोणाकडून तरी फिरवून आणावा लागतो.

यावर उपाय अशक्य नाही. सदस्यांचे विनामूल्य श्रम आणि विनाभाडे जागा यांचे मूल्य ठरावीक दराने संस्थेच्या 10 टक्क्यांत धरावे. जागेच्या बाबतीत सार्वजनिक बांधकाम विभागाचा भाडेदर उपलब्ध असतोच, आणि श्रमासाठी हजेरी नोंदवही ठेवता येईल.

कागदपत्रांबाबतही दोन शब्द लिहितो, कारण छोट्या संस्था बहुतांशी इथे अडतात. विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. अनेक वाचनालयांनी कित्येक निवडणुका झाल्या तरी तो दाखल केलेला नसतो, आणि मग जुने अध्यक्ष दिवंगत, नवे अध्यक्ष नोंदीवर नाहीत, बँकेतील सह्या बदलत नाहीत, अशी कोंडी होते. अनुदान मंजूर होऊनही खात्यातून काढता न आलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. याखेरीज प्राप्तिकर सवलतीच्या, 12ए आणि 80जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आता ठरावीक मुदतीच्या असतात आणि त्यांचे नूतनीकरण करावे लागते. खेड्यातल्या निवृत्त शिक्षकाने हे सगळे संगणकावर स्वतः करावे ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. प्रत्येक तालुक्याला शासनाच्या खर्चाने एक हिशेब साहाय्यक दिला, तर माझ्या मते दहा टक्के अनुदानवाढीपेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.

दर्यावर्दी

आमचे गाव किनारपट्टीवर आहे. आम्ही काही तरुणांनी 2015 मध्ये संस्था नोंदवून वाचनालय सुरू केले. मान्यतेसाठी चौकशी केली तेव्हा कळले की 2012 च्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही थांबवलेल्या आहेत. शेजारच्या गावातील 'ड' वर्ग वाचनालयाला अनुदान मिळते आणि ते आठवड्यातून जेमतेम दोन-तीन दिवस उघडते. आमचे रोज उघडते, मुलांसाठी शनिवारी गोष्टींचा तास होतो, होड्यांवर जाणाऱ्यांसाठी पुस्तकांची पेटी असते, आणि आम्हाला काहीच मिळत नाही.

जुने तपासनीस साहेब, मला आपल्याला विचारायचे आहे की ज्यांनी चूक केली त्यांच्यावर कारवाई करण्याऐवजी नव्यांसाठी दार बंद करणे हा कोणता न्याय? 2012 मध्ये आमच्यापैकी निम्मे जण शाळेत होते.

जुना_तपासनीस

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. त्या वेळी सदोष ग्रंथालयांवर कारवाई पूर्ण होईपर्यंत थांबावे, असे धोरण होते. कारवाईत सुनावण्या आल्या, अपिले आली, त्रुटी दूर करण्यासाठी मुदती आल्या आणि तात्पुरती म्हणून घातलेली बंदी वर्षानुवर्षे चालू राहिली. खात्यात असताना मी दर्जावाढीचे कित्येक पात्र प्रस्ताव 'सध्या स्थगित' असा शेरा मारून परत पाठवले. 'ड' वर्गातून 'क' वर्गात जाण्याची सगळी पात्रता असलेली वाचनालये दहा वर्षे 30,000 रुपयांवर राहिली, आणि त्यांच्यापैकी काहींचे चालक थकून बाजूला झाले.

आपल्या गोष्टींच्या तासाबद्दल वाचून आनंद झाला. आमच्या तपासणीच्या नमुन्यात ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रे, नियतकालिके, सभासद, उघडे राहण्याचे तास असे रकाने असतात. वाचनालयात किती मुले प्रत्यक्ष येऊन बसतात, यावर वर्ग ठरत नाही. निवृत्तीनंतर मला ही उणीव अधिक जाणवते.

निर्गम_खिडकी

तपासनीस साहेबांनी नेमणुकीबद्दल घेतलेली शंका मी गांभीर्याने घेते. माझा त्यावर एक प्रस्ताव आहे. आज काम करणाऱ्यांपैकी ज्यांनी प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण केली आहे आणि ज्यांची किमान पाच वर्षांची सेवा वार्षिक अहवालांतून सिद्ध होते, त्यांनाच पहिल्या टप्प्यात थेट मानधन द्यावे. नव्या नेमणुकांसाठी जिल्हा पातळीवर पात्र उमेदवारांची गुणानुक्रमे यादी असावी आणि समितीने त्या यादीतूनच त्या तालुक्यातील व्यक्ती निवडावी. नेमणूक समितीची, यादी खात्याची. असे केले तर भाव लावायला जागा फारशी उरणार नाही.

आणि ठाण्याच्या वाचक सरांना एक विनंती करते. वाचनालय स्वावलंबी असावे हे मलाही पटते. परंतु कार्यकारी मंडळाने विनावेतन काम करणे आणि दिवसाचे सहा तास टेबलाशी बसणाऱ्या व्यक्तीने विनावेतन काम करणे, या एकच गोष्टी नाहीत. मंडळाचे सदस्य आपल्या उपजीविकेतून उरलेला वेळ देतात. माझी उपजीविका हीच आहे.

ठाण्याचा_वाचक

ताई, हा फरक मला मान्य आहे. स्वयंसेवा ही समितीची असते, कर्मचाऱ्याची नव्हे, हे ठरावाच्या पहिल्या वाक्यात यावे. वर्गणीबाबतचे माझे मत मात्र शहरी संस्थांपुरते कायम ठेवतो. ज्यांना वर्गणीवर उभे राहणे शक्य आहे त्या मोठ्या शहरी ग्रंथालयांनी वेतनेतर अनुदानातील काही भाग सोडावा आणि तो नव्या मान्यतांसाठी वापरला जावा. माझ्या संस्थेत मी हे मांडणार आहे आणि विरोध होईल याची मला कल्पना आहे.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. वरील चर्चेनुसार ठरावाचा मसुदा पुढीलप्रमाणे बदलला आहे.

"सार्वजनिक ग्रंथालयांतील स्वयंसेवा ही कार्यकारी मंडळाची असून कर्मचाऱ्यांची नव्हे, हे लक्षात घेऊन शासनाने प्रमाणपत्रधारक व किमान पाच वर्षे सेवा झालेल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना किमान वेतनाइतके निश्चित मानधन दरमहा थेट त्यांच्या खात्यात द्यावे. परिरक्षण अनुदान संपूर्णपणे वेतनेतर बाबींसाठी संस्थेकडे राहावे. संस्थेच्या 10 टक्के वाट्यात सदस्यांचे विनामूल्य श्रम व विनाभाडे जागा यांचे मूल्य धरण्यात यावे आणि कर्मचाऱ्यांकडून घेतलेली देणगी या वाट्यात ग्राह्य धरू नये. पात्र नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि पात्र जुन्या ग्रंथालयांना दर्जावाढ देण्याची प्रक्रिया दरवर्षी ठरावीक महिन्यात पूर्ण करावी. प्रत्येक तालुक्यास एक हिशेब साहाय्यक शासनाच्या खर्चाने द्यावा."

एर्नाकुळमकरांनी सुचवलेला उपकराचा मुद्दा मी सध्या ठरावात घेतलेला नाही. मालमत्ता करात भर घालण्याची मागणी ग्रामपंचायतींना विश्वासात घेतल्याशिवाय करणे योग्य वाटत नाही आणि दुष्काळी गावांत करवसुली आधीच अपुरी होते. तो विषय स्वतंत्र धाग्यावर सविस्तर घ्यावा.

हिशेबनीस

मसुदा चांगला झाला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. 'देणगी ग्राह्य धरू नये' या वाक्यात कर्मचाऱ्यांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांचाही उल्लेख करावा, अन्यथा पावती उद्या पतीच्या किंवा भावाच्या नावाने फाडली जाईल. दुसरे, थेट मानधन सुरू झाल्यावर त्या कर्मचाऱ्याची दैनंदिन जबाबदारी संस्थेकडेच राहील आणि रजा व हजेरी कार्यवाहच्या सहीने प्रमाणित होईल, हे स्पष्ट लिहावे. नाहीतर ग्रंथपाल खात्याचा की समितीचा हा वाद पहिल्याच वर्षी उभा राहील.

निर्गम_खिडकी

कुटुंबीयांचा उल्लेख अवश्य करावा. हजेरीबाबत एक अट जोडावी: कार्यवाहांनी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत हजेरी प्रमाणित केली नाही, तर ती प्रमाणित झाली असे समजून मानधन अदा व्हावे. समितीत दोन गट पडले की सही कशी अडते, हे मी जवळून पाहिले आहे.

माणदेशी

तिन्ही दुरुस्त्या घेतल्या. सुधारित प्रत जिल्हा संघाच्या कार्यवाहांकडे या आठवड्यात देतो. अधिवेशनात ठरावाला अनुमोदन देण्यासाठी 'ड' वर्ग वाचनालयातील एक आणि मान्यता न मिळालेल्या वाचनालयातील एक, असे दोन वक्ते हवे आहेत. दर्यावर्दी, आपण येऊ शकाल का? मान्यता नसल्याने आपल्याला मताचा अधिकार मिळणार नाही, मात्र निमंत्रित म्हणून बोलता येईल.

दर्यावर्दी

येतो. आमची दाखल नोंदवही आणि शनिवारच्या तासाला येणाऱ्या मुलांची हजेरीची वही, दोन्ही बरोबर आणतो.